मुठीखालचा मळ

माझ्याकडं जपानी तलवार घेऊन येणारा माणूस आधी गोष्ट सांगतो आणि मग तलवार दाखवतो. मला ते मुळीच खपत नाही. आधी तलवार ठेवा टेबलावर, गोष्ट मागाहून. ब्रह्मदेशात अमक्या जनरलच्या कमरेची काढून घेतली म्हणून सांगतात, आणि म्यानातून निघतं काय, तर रंगूनच्या बाजारात मोटारीच्या स्प्रिंगच्या पाट्यातून ठोकून काढलेलं पातं आणि त्यावर जपानी अक्षरं म्हणून कुणीतरी ओढलेल्या रेघोट्या. लढाई संपल्यावर आपल्या शिपायांना घरी न्यायला काहीतरी आठवण हवी होती, आणि तिकडच्या लोहारांना ते बरोबर कळलं होतं. गोष्ट सांगणाऱ्याचा चेहरा पडतो, मला वाईट वाटतं, पण खोट्याला खरं म्हणणं माझ्याच्यानं होत नाही.

मी श्रीधरराव, चिक्कपेटेतला घड्याळवाला. आमचं घराणं पाच पिढ्या बंगळुरात आहे. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि हिशेब मनात कुठल्या भाषेत होतो ते देवालाच ठाऊक. डोळ्याला भिंग लावून बारीक बघायची सवय धंद्यानं लावली. साहेब लोक निघून गेले तेव्हा दंडूत, म्हणजे कँटोन्मेंटात, लिलावावर लिलाव होत होते. त्यांच्या खुर्च्या, पियानो, वाघांची मुंडकी यांच्याबरोबर या तलवारीही निघायच्या. पहिली घेतली ती गंमत म्हणून, मग नादच लागला. आमच्या घरात माणसं चार आणि तलवारी अकरा, असं माझी बायको भागीरथी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

ओळखायची कशी, ते थोडक्यात सांगतो, कारण पुढची सगळी भानगड त्याच्यावरच आहे. जपानी हवालदाराच्या तलवारीची मूठ बहुधा धातूची ओतलेली असते, वर फीत गुंडाळल्यासारखा नुसता रंग दिलेला. ती लांबूनही कळते. अधिकाऱ्यांच्या तलवारीची मूठ लाकडी, वर खरी फीत विणलेली. पण तिच्यातलं पातंही बहुतेक वेळा कारखान्यातलंच असतं. काही थोडे अधिकारी मात्र घरातली वाडवडिलांची पाती लष्करी मुठीत बसवून लढाईवर नेत. बाहेरून दोन्ही सारखीच. फरक कळतो तो मूठ काढल्यावर. मुठीत एक बांबूची खुंटी असते, ती हलक्या हातानं ठोकून काढली की मूठ सुटते आणि आत दडलेलं पात्याचं बूड दिसतं. जुन्या पात्याचं बूड काळंभोर असतं. तो काळा गंज म्हणजे तलवारीचं वय. तो कधी घासायचा नाही, त्याला बोटसुद्धा जपून लावायचं. हे मला आज माहीत आहे. १९५७ साली माहीत नव्हतं.

त्या साली मी विठोजीअण्णांची तलवार बघायला म्हणून मागून आणली. विठोजीअण्णा खानापूरकडचे, पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, नंतर बंगळुरातल्या एका कारखान्यात पहाऱ्यावरचे मुख्य म्हणून लागले. अलसूरला तळ्याच्या बाजूला त्यांचं घर. माणूस कमी बोलणारा. घड्याळ दुरुस्तीला टाकलं की ठरल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी न्यायला हजर. त्यांची तलवार मात्र त्यांनी मला गोष्टीआधी दाखवली होती, म्हणून तर आमचं जमलं.

गोष्ट त्यांनी नंतर सांगितली. पंचेचाळीस साली मलायात जपान्यांनी शस्त्रं खाली ठेवली तेव्हा अण्णांच्या तुकडीसमोर जपानी अधिकाऱ्यांची रांग लागली. एकेक जण पुढं येऊन तलवार टेबलावर ठेवत होता. एका बुटक्या कप्तानानं ती टेबलावर ठेवली नाही. दोन्ही हातांवर आडवी धरून त्यानं ती विठोजीअण्णांच्या हातांत दिली. म्यानाला दोरीनं लाकडाची एक पट्टी बांधलेली होती आणि तिच्यावर शाईनं काहीबाही लिहिलेलं. दुभाष्यानं सांगितलं, त्याचं नाव आणि गाव आहे, घरातली तलवार आहे, नीट ठेवा म्हणतोय. विठोजीअण्णांनी मान हलवली. पुढं सामान वाटलं तेव्हा त्यांच्या साहेबानं ती त्यांनाच देऊन टाकली.

"मान हलवली, म्हंजे शब्दच दिला की," ते मला म्हणाले होते. "परत द्यायची हाय ती. कधी, कुणाकडनं, ते काय ठाव नाही."

तोवर ती देवाजवळ राहिली. दर खंडेनवमीला सोयराबाईअक्का, म्हणजे त्यांच्या घरच्या, ती पाटावर ठेवून हळदकुंकू वाहायच्या. आपल्याकडं त्या दिवशी शस्त्राला मान. शस्त्र परक्याचं असलं तरी घरात आहे ना, मग त्यालाही मान.

तर ती तलवार मी आणली, आणि माझ्याकडची तशीच एक दंडूत घेतलेली तलवार शेजारी ठेवून दोन्हींच्या मुठी काढल्या. मूठ कशी काढायची हे नुकतंच शिकलो होतो, त्यामुळं हात शिवशिवत होते. विठोजीअण्णांच्या पात्याचं बूड काळंकुट्ट, माझ्या पात्याचं चकचकीत. आता हसू येतं, पण तेव्हा मला वाटलं, माझंच पातं भारी. इतक्यात विठोजीअण्णा दुकानात हजर. पाच मिनिटं नव्हे, चांगले अर्धा तास आधी. मग काय, मी त्यांना समोर बसवून जी काही विद्या पाजळली! खुंटी कशी ठोकायची, मूठ कशी सोडवायची, सगळं करून दाखवलं. वर शहाणपणानं सांगितलं, "बघा अण्णा, मुठीखाली किती मळ बसलाय. ओल धरली की पातं खाईल हं." बोलता बोलताच दोन्ही तलवारी परत जोडल्या. मुठी बसल्यावर त्या जुळ्या बहिणींसारख्या दिसत होत्या. पट्टी बांधलेल्या म्यानात एक घातली, दुसऱ्या म्यानात दुसरी, आणि त्यांची त्यांना दिली.

वर्षभरानं माझी ती तलवार चिकमगळूरच्या बाजूचा फ्रेझर नावाचा एक कॉफीमळेवाला साहेब घेऊन गेला. मळा विकून तो विलायतेला निघाला होता. देताना तलवारीची मूठ हातात किंचित हलत होती. मी बांबूची एक चिळपी आत सारून ती घट्ट केली आणि विसरून गेलो.

मग साठ साली लिलावातल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात मला या विषयावरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. शब्दकोश घेऊन वाचत बसलो. काळा गंज म्हणजे वय, हे तेव्हा कळलं. आणि त्याच पानावर खाली होतं की प्रत्येक मूठ तिच्या पात्यासाठीच कोरलेली असते, दुसऱ्याचं पातं घातलं तर मूठ हलते.

फ्रेझरच्या तलवारीची मूठ हलत होती! म्हणजे त्या दिवशी बडबडीच्या नादात मी मुठींची अदलाबदल केली असणार, आणि विठोजीअण्णांचं जुनं पातं माझ्या मुठीत बसून विलायतेला गेलं असणार. त्यांच्या देवघरात राहिलं ते कारखान्यातलं.

सरळ अलसूरला जाऊन, अण्णा, जरा मूठ काढून बघू या, असं म्हणायला काय हरकत होती? काही नव्हती. पण नाही गेलो. आज जाऊ, उद्या जाऊ करत तीन वर्षं काढली. दर दसऱ्याला त्यांच्याकडं फराळाला जायचो आणि पाटावरच्या त्या तलवारीकडं चोरून बघायचो. पातं इतकं लखलखीत घासलेलं, वर तेल, हळद, कुंकू, की माझं भिंगही तिथं काही सांगू शकलं नसतं. दुसऱ्यांच्या तलवारी खोट्या ठरवताना माझी जीभ जड होत नव्हती. इथं मात्र तोंडाला कुलूप. मला माझाच राग यायचा आणि तो मी घरात काढायचो.

त्रेसष्ट साल उजाडलं. तोवर शहराबाहेर जालहळ्ळीला घड्याळांचा कारखाना निघाला होता आणि तिथं शिकवायला जपानी माणसं आली होती. त्यांतले हिगुची माझ्या दुकानात जुनी घड्याळं बघायला यायचे. पन्नाशीचे, सडपातळ, इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, त्यामुळं आमचं छान जमायचं. एकदा विठोजीअण्णा घड्याळ न्यायला आले असताना हिगुची तिथं बसलेले होते. अण्णा त्यांच्याकडं बराच वेळ बघत उभे राहिले. मग घड्याळ न घेताच गेले, आणि तासाभरानं ती लाकडी पट्टी फडक्यात गुंडाळून घेऊन आले.

"ह्ये वाचतील काय ते? विचार की, श्रीधर."

हिगुचींनी पट्टी दोन्ही हातांनी घेतली. अक्षरं फिकट झाली होती, पण त्यांनी ती वाचली. नाव, गाव, जिल्हा. त्यांनी कुठंकुठं पत्रं घातली, ते मला नीटसं माहीत नाही. चार महिन्यांनी उत्तर आलं. कप्तान सत्तेचाळीस साली घरी परतला होता आणि एक्कावन्न साली छातीच्या दुखण्यानं गेला. आई होती, ब्याऐंशी वर्षांची. तलवार हयात आहे यावर तिचा विश्वासच बसत नव्हता.

"आईनं खूण कळवली आहे," हिगुची म्हणाले. "पात्याच्या बुडावरची. मी ती आत्ता सांगणार नाही. रविवारी येऊन आधी बघेन. खूण जुळली तर तलवार माझ्याबरोबर जाईल, परवानगीचे कागद झाले आहेत. जुळली नाही तर..." त्यांनी हात पसरले. "म्हाताऱ्या बाईला खोटी वस्तू कशी द्यायची?"

त्यांचं अगदी बरोबर होतं. त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो. माझी मात्र पाचावर धारण बसली.

शनिवारी सकाळीच मी अलसूरला गेलो. उद्या पाहुणे येणार, आधी जरा पुसून ठेवतो, अशी सबब सांगितली. अक्का बाजाराला गेल्या होत्या. विठोजीअण्णा सोप्यात आरामखुर्चीत बसले होते, अंगावर इस्त्रीचा सदरा. त्यांच्या चेहऱ्यावर एक वेगळंच समाधान होतं. अठरा वर्षांपूर्वी मान हलवली होती, ती गोष्ट उद्या पुरी होणार होती. माझ्याच्यानं त्यांच्याकडं बघवेना.

तलवार मांडीवर आडवी घेतली. खुंटी ठोकली. ती लोण्यातून निघावी तशी निघाली. मूठ ओढली.

बूड चकचकीत होतं. काळेपणाचा ठिपकासुद्धा नाही. खिडकीतलं ऊन त्याच्यावर पडून माझ्या डोळ्यांत आलं. भिंग लावून बघितलं. तीन अक्षरं कोरलेली होती, पण शेवटचं खालून अर्धंच होतं, कुणीतरी घाईत कापल्यासारखं. कारखान्यातलं हलगर्जी काम, दुसरं काय! अक्षरं तर कारखानेवालेही घालतातच. काळं बूड विठोजीअण्णांचं होतं, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. ते इथं नव्हतं. ते विलायतेत कुठल्यातरी भिंतीवर टांगलेलं असणार.

मूठ परत बसवून गप्प बसता आलं असतं. उद्या खूण जुळली नसती, अण्णा म्हणाले असते नशीब, आणि माझं नाव कुठं आलं नसतं. हा विचार मनात आला, खोटं कशाला बोलू. पण समोर तो माणूस इस्त्रीचा सदरा घालून एक दिवस आधीच तयार होऊन बसला होता.

"अण्णा," मी म्हणालो, "ही तुमची तलवार नाही. तुमची मी विकली."

मग सगळं भडाभडा सांगितलं. सत्तावन्न साल, दोन मुठी, फ्रेझर, हलणारी मूठ, पुस्तक, तीन वर्षं. सांगताना मला लाज वाटत होती.

विठोजीअण्णांनी तळ्याकडच्या खिडकीतून एकदा बाहेर बघितलं. मग उठले, खुंटीवरचा कोट काढून अंगात घातला.

"पत्ता हाय काय त्या साहेबाचा?"

"मळ्याच्या नव्या मालकाकडं असेल."

"मग चल की. आधी तार करू. हिगुचींना थांबा म्हणून सांगू." कोटाची बटणं लावता लावता ते थांबले. "तीन वर्सं तू ह्ये एकटाच घिऊन बसलायस व्हय? खुळा हाईस काय रे?"

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढ्यात अक्का दारातून आत आल्या, काखेत भाजीची पिशवी, आणि माझ्या मांडीवर उघडी तलवार बघून जागीच थांबल्या.

"अय्यो! आत्ताच का उघडलासा? उद्या सकाळी मी घासणार हुते की. चिंचसुद्धा आणल्या बघा नवी."

"कशाला चिंच?" मी विचारलं.

"कशाला म्हंजे? उद्या त्ये साहेब येनार, दुसऱ्याची वस्तू परत द्यायची, ती काय अशीच द्यायची? दसऱ्याला घासते तशी घासून देते."

"अक्का, घासता म्हणजे पातं ना?"

"पातं बी आनि ह्ये बी." त्यांनी बुडावर बोट ठेवलं. "चिंच आनि राख, वर स्वल्प लिंबू. पयल्या वर्षी लई मेहनत पडली हो. काळंमिट्ट हुतं, तव्याच्या बुडावानी. दोन दिस भिजवून ठिवलं तवा सुटलं. आता दरवर्षी नुसता हात फिरवला की झालं, सरी."



"पण अक्का, मूठ काढून आत घासायचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमीच की!" अक्का म्हणाल्या. "सत्तावन साली ह्येंनी घरला यिऊन सांगितलं. श्रीधरराव म्हनालेत मुठीखाली मळ बसलाय, पातं खाईल. खुंटी कशी काढायची त्ये बी ह्येंनीच दावलं. देवाम्होरं ठिवायचं शस्त्र, अर्धं घासून अर्धं तसंच ठिवू व्हय?"

विठोजीअण्णांनी कोटाचं वरचं बटण सोडलं.

काही क्षण मला हसावं की रडावं कळेना. जगातल्या कुठल्याही तलवारी जमवणाऱ्या माणसाला हे सांगितलं तर तो डोकं धरून बसेल. दोन-तीनशे वर्षांचा गंज अक्कांनी चिंचेनं काढला होता, आणि तोही माझ्या सांगण्यावरून. आणि मला मात्र आनंदानं त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं.

पण मी सावध झालो. घासलेलं बूड चकचकीत असतं, तसं कारखान्यातलंही चकचकीत असतं. काळं होतं ते यांनी घासलं, हे खरं. म्हणजे सत्तावन्न सालच्या दसऱ्याला, माझ्याकडून तलवार परत आल्यावर, आत काळंच बूड होतं. मग अदलाबदल झालीच नव्हती! हे साधं गणित मला दोनदा मनात मांडावं लागलं, इतका मी हबकलो होतो. खात्रीसाठी मूठ हातात घेतली आणि पांढऱ्या कागदावर हळूच आपटली. आतल्या लाकडातून काळी भुकटी पडली, चिमूटभर. अक्कांचा हात मुठीच्या आत पोचला नव्हता. वर्षानुवर्षं काळं बूड त्या लाकडाला घासलं होतं, त्याचा तो डाग. पातं परत आत घातलं, तर मूठ जराही हलली नाही. ती त्याच्याच मापाची होती.

"अण्णा," मी म्हणालो, "ही तुमचीच. बसा."

विठोजीअण्णा खुर्चीत बसले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, तो त्यांनी कोटाच्याच बाहीनं पुसला.

"आनि त्या साहेबाची मूठ का हललीती?" त्यांनी विचारलं.

"ती तलवारच तसली होती. कुठल्यातरी बाजारात जोडलेली. मी तिला भारी समजत होतो."

यावर ते जे हसले, तसे हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. अक्काही हसल्या, मग मीही. तीन वर्षं छातीवर बसलेलं ओझं उतरलं, जीव भांड्यात पडला, आणि मी त्यांच्याकडं तीन वाट्या अवलक्की, म्हणजे आपले पोहे, खाल्ली.

तरी रविवारी धाकधूक होतीच. हिगुची आले, जोडे काढून आत आले, तलवारीला वाकून नमस्कार केला. मूठ त्यांनी स्वतः काढली आणि बुडाकडं बघून त्यांचा चेहरा एकदम कोरा झाला. ते शिकलेले गृहस्थ होते, काळ्या गंजाचं मोल त्यांना माहीत होतं. मी घसा खाकरला आणि सगळा दोष माझा आहे, हे माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्यांनी ते ऐकलं. मग बूड उजेडात तिरकं धरून अक्षरांवर नजर लावली.

"खूण सांगतो," ते म्हणाले. "पातं आधी जास्त लांब होतं. मुलगा बुटका, त्याच्या कमरेला ते पेलेना. म्हणून तो पलटणीत गेला तेव्हा वडिलांनी ते खालून कापून घेतलं. लोहाराच्या नावाचं शेवटचं अक्षर त्यात अर्धं गेलं. आईला ते अशुभ वाटलं होतं, ती फार रडली होती. म्हणून तिच्या लक्षात राहिलं."

त्यांनी बोट त्या अर्ध्या अक्षरावर ठेवलं. आदल्या दिवशी मी ज्याला हलगर्जी काम म्हटलं होतं, तेच ते.

"बुटकाच हुता," विठोजीअण्णा हळूच म्हणाले. मग उभे राहिले, तलवार दोन्ही हातांवर आडवी धरली, आणि अठरा वर्षांपूर्वी त्यांच्या हातांत आली होती तशीच ती हिगुचींच्या हातांत दिली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही. अक्कांनी म्यानाला हळदकुंकू लावलं. हिगुचींनी ते पुसलं नाही.

तलवार गेली. मला मात्र एक गोष्ट टोचत राहिली. शब्द पुरा झाला, खूण जुळली, सगळं खरं, पण त्या म्हातारीच्या हातात आपण एक खरवडलेली तलवार दिली होती. उघडून बघेल तेव्हा तिला काय वाटेल? हिगुचींना मी दोनदा विचारलं. "बघू," एवढंच ते म्हणाले.

पत्र दसऱ्याच्या आठवड्यात आलं. खंडेनवमीला मी नेहमीप्रमाणं अलसूरला गेलो तेव्हा हिगुचीही होते. गल्लीतल्या मोटारी-सायकलींना झेंडूच्या माळा, प्रत्येक उंबऱ्यापुढं फोडलेला कोहळा, लाल पाण्याचे शिंतोडे. आत पाटावर विठोजीअण्णांची जुनी कुकरी, अक्कांची विळी, आणि मधोमध तलवारीची जागा रिकामी. सवयीनं सोडलेली.

हिगुची वाचत होते, मी मराठीत सांगत होतो. आईनं लिहिलं होतं, तलवार पोचली. मुलाच्या तसबिरीपुढं ठेवली आहे. पुढं असं होतं:

"घरच्या जाणत्या माणसाला बोलावून मूठ काढून घेतली. तो म्हणाला, अरेरे, जुना गंज कुणीतरी घासून टाकला. मी त्याला गप्प केलं. अठरा वर्षं मला एकच भीती होती, की माझ्या मुलाची तलवार कुठंतरी अडगळीत गंजत पडली असेल, कुणाला तिची आठवणसुद्धा नसेल. मी बुडावर हात ठेवला. ते इतकं स्वच्छ होतं, की माझ्या लक्षात आलं, कुणीतरी बाई हे दरवर्षी आपल्या हातानं करत होती. मग मला भीती राहिली नाही. त्यांना माझा नमस्कार सांगा."

हिगुचींनी पत्राची घडी केली. विठोजीअण्णा पाटाकडं बघत होते. अक्कांनी पदरानं डोळे टिपले, नाक ओढलं, आणि माझ्याकडं वळल्या.

"बगा! तिला कळ्ळं. तुमालाच कळत नव्हतं," त्या म्हणाल्या. "आता ती जागा रिकामी नको. तुमचं ते डोळ्याला लावायचं भिंग द्या हिकडं. किती काळं झालंय त्याचं पितळ! चिंच भिजिवलेलीच हाय."

वडिलांच्या हातचं भिंग ते. त्याच्यावर चढलेला तो काळसर रंग मी तीस वर्षं जपला होता. मी निमूटपणे खिशातून काढून त्यांच्या हातात दिलं.